हाताने केलेल्या सुरीचा गार्ड: फट भरू नका, आधी ती कुठून आली ते बघा

खानापूर तालुक्यातल्या एकाचा प्रश्न आहे. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून त्याने ७ इंची पात्याची सुरी केली आहे. पात्याची जाडी ५ मिमी, मुठीत जाणारी शेपटी २० मिमी रुंद. पाणी देऊन (म्हणजे तापवून, बुडवून कडक करून) झाले, पाते घासूनही झाले. मग ६ मिमी पितळी पट्टीचा गार्ड, म्हणजे पाते आणि मूठ यांच्यामधली आडवी पट्टी, बसवला, तर खालच्या खांद्यापाशी (पाते अरुंद होऊन शेपटी सुरू होते त्या पायरीपाशी) उजेड दिसतो आणि गार्ड डावी-उजवीकडे किंचित हलतो. त्याचे विचारणे असे की ही फट अरल्डाइटने भरावी की कथलाने झाळून घ्यावी? आणि आधीच्या सुरीच्या मुठीतून पावसाळ्यात तांबूस पाणी झिरपायला लागले होते, ते याच फटीमुळे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: हो, बहुतेक त्याच फटीमुळे. पितळ आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकून राहिले की गंजते ते लोखंड, पितळ शाबूत राहते. खांद्यामागे पाणी एकदा शिरले की ते वाळत नाही. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच इतकी ओली असते की पाणी वेगळे शिरायचीही गरज नसते. म्हणून गार्डची फट हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. आतली शेपटी गंजून बारीक झाली तर सुरी मुठीपाशीच मोडते, आणि तेही जोर लावलेला असताना.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या सुरीत एक फट नाही, दोन आहेत, आणि दोन्हींची कारणे वेगळी आहेत. खांद्यापाशी दिसणारा उजेड म्हणजे गार्ड खांद्यावर पूर्ण टेकलेला नाही. हा दोष बहुतेक वेळा खांद्यांचा असतो, गार्डचा नसतो. डावी-उजवीकडची हालचाल म्हणजे गार्डमधली खाच, शेपटी जिच्यातून आरपार जाते ती, शेपटीपेक्षा रुंद झाली आहे. पहिली फट पूर्ण दुरुस्त होते. दुसरी किती मोठी आहे त्यावर ठरते: केसाइतकी असेल तर पितळ सरकवून मिटवता येते, जास्त असेल तर नवा गार्ड करणेच स्वस्त पडते. भरणे किंवा झाळणे हे दोन्हीवर उत्तर नाही.

त्याआधी एक विचार करा: या सुरीला बाहेर आलेला गार्ड हवाच आहे का? तुम्ही शेतात आणि घरी, दोन्हीकडे वापरणार म्हणता. पाटावर किंवा बोर्डवर कापताना खाली आलेला गार्ड लाकडाला अडतो आणि टाचेकडची, म्हणजे मुठीलगतची, धार उपयोगाची राहत नाही. दगडावर धार लावतानाही तोच अडथळा येतो. ऊसतोडीच्या कोयत्याला गार्ड नसतो, कारण तिथे घाव घालायचा असतो, हात पुढे घसरायचे कारण नसते. सुरी टोचायच्या किंवा सोलायच्या कामाला लावली, हात ओला असला, तर गार्डचा खरा उपयोग. तुमच्यासाठी खालच्या बाजूला ६ ते ८ मिमी बाहेर येणारा आणि वरच्या बाजूला पात्याच्या पाठीबरोबर संपणारा गार्ड पुरेसा आहे. दोन्हीकडे लांब शिंगे काढलेला गार्ड सुरीला खंजिराचे रूप देतो. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालच्या नियमांच्या कक्षेत येऊ शकतात. घरगुती आणि शेतीच्या कामाची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत, पण मग सुरी तशी दिसायलाही हवी. तुमचे ७ इंच ठीक आहेत.

आता खांदे. गार्ड टेकतो तो खांद्यांवर, म्हणून वरचा आणि खालचा खांदा एकाच पातळीत हवेत आणि पात्याच्या दोन्ही अंगांनी ती रेघ जुळायला हवी. नुसत्या हाताने कानस मारून हे होत नाही. कानस शेवटाला खाली झुकतेच, आणि एक खांदा पाव मिमी मागे जातो. तो पाव मिमी म्हणजेच तुमचा उजेड. यासाठी फाइल गाइड लागते: दोन कडक पोलादी जबडे, दोन बोल्टनी आवळता येणारे, वरची बाजू अगदी सपाट. पाते त्यात धरायचे, जबड्याची कड खांद्याच्या रेघेवर आणायची, गुण्या लावून पात्याच्या मधल्या रेघेशी काटकोन तपासायचा, आवळायचे, आणि कानस जबड्यावर घासत न्यायची. जबडा कडक असल्याने कानस तिथे थांबते आणि चारही बाजू आपोआप एका पातळीत येतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओळखीचे वर्कशॉप असेल तर टूल स्टीलचे दोन तुकडे मिलिंग करून, पाणी देऊन, सरफेस ग्राइंडरवर एक हात फिरवून मिळतात. सुऱ्या करायच्या असतील तर हे एक साधन आधी घ्या, पॉलिशच्या मशीनचे नंतर बघा.

खांदा आणि शेपटी जिथे मिळतात तो आतला कोपरा टोकदार ठेवू नका. पाणी देताना तडा तिथूनच जातो आणि वापरातही सुरी तिथेच मोडते. गोल कानशीने साधारण दीड मिमी त्रिज्येची गोलाई ठेवा. पण ही गोलाईच गार्डला खांद्यापर्यंत येऊ देत नाही, आणि पुष्कळांना फट कुठून आली हे कळत नाही ते यामुळेच. खाचेची दोन टोके त्या गोलाईवर चढून अडकतात. उपाय सोपा आहे: गार्डच्या पात्याकडच्या तोंडावर, खाचेच्या दोन्ही टोकांना, दीड-दोन मिमीचा उतार काढायचा. तुमचे पाते खांद्यापाशी ३२ मिमी रुंद धरले तर शेपटी वजा जाता प्रत्येक खांदा ६ मिमी उरतो, म्हणजे हा उतार खांद्याखाली पूर्ण झाकला जातो. तुमचा उजेड फक्त खालच्या खांद्यापाशी आहे, म्हणून सगळ्यात आधी हे तपासा. कदाचित पाच मिनिटांत काम होईल.

तसे झाले नाही तर खांदा मागे घ्यावा लागेल, आणि इथे तुमची अडचण आहे: पाते पाणी दिलेले आहे, त्यावर कानस घसरेल. शेपटी आणि खांद्याचे पाणी उतरवायला हवे, म्हणजे तापवून कडकपणा कमी करायला हवा, धारेचे मात्र नाही. डब्यात पाणी घेऊन पाते टोकाकडून उभे बुडवा, खांद्याच्या खाली दोनेक सेंमीपर्यंत पाणी हवे. ब्लो-टॉर्चची ज्योत शेपटीच्या मागच्या टोकाला धरा आणि हळूहळू पुढे आणा. आधी एमरीने शेपटी चकचकीत केलेली असेल तर रंग नीट दिसतात: फिकट पिवळा, गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. खांद्यापाशी निळा आला की थांबा. पाते पाण्यात असल्याने रंग पुढे पळत नाही. हे दोन-तीनदा करा. एवढे करूनही हे पोलाद मऊ होत नाही, कानस कष्टानेच लागते, म्हणून नवी स्मूथ कानस घ्या किंवा डायमंड प्लेट वापरा. खांद्याच्या पुढचे ५-६ मिमी मऊ पडले तर काही बिघडत नाही, तिथे धार नसते.

शेपटीच्या जाडीचाही विचार आताच करा. पाते ५ मिमी आणि शेपटीही ५ मिमी असेल तर खाचेच्या लांब बाजूंची रेघ समोरून उघडी दिसते, तिथे कणभर चूकही लपत नाही. गाइडमध्ये धरलेले असतानाच शेपटीच्या सपाट बाजूही प्रत्येकी ०.१ मिमी उतरवा, म्हणजे खांद्यापाशी ४.८ मिमी राहील. चारही बाजूंनी बारीक खांदा मिळतो आणि खाचेची कड त्याच्यामागे जाते. मग मागे जाताना शेपटी आणखी निमुळती करा: खांद्यापासून १० मिमीवर ४.६, शेवटी ४. असे केले की गार्ड मागून सैल येतो आणि फक्त शेवटच्या टप्प्यात घट्ट होतो. शेपटी सगळीकडे सारख्या जाडीची ठेवली तर खाच पूर्ण प्रवासात घासली जाते आणि खांद्यापर्यंत पोहोचेस्तोवर सैल झालेली असते.

आता नवा गार्ड करायचा झाला तर खाच कशी काढायची. पितळाच्या तुकड्यावर मार्कर फासून मधली रेघ आणि खाचेची चौकट आखा. ४.८ मिमीच्या खाचेसाठी ड्रिल ४.२ मिमीचे घ्या, ५ चे नको. २० मिमी लांबीत ४ भोके बसतात, मध्यापासून मध्यापर्यंत ५ मिमी. दोन्ही टोकांना ०.४ मिमी शिल्लक राहते, ती कानशीसाठी. भोके ड्रिल मशीनवरच पाडा, हातड्रिलने ती तिरकी जातात आणि गार्ड पात्याला वाकडा बसतो. नवे धारदार ड्रिल पितळात एकदम ओढले जाते आणि तुकडा हातातून हिसकावून गरगरा फिरवते. ऑइलस्टोनने ड्रिलच्या दोन्ही कापणाऱ्या कडा किंचित बोथट करा आणि तुकडा व्हाइसमध्येच पकडा. हाताने धरलेल्या पितळाने बोटे कापली जातात, म्हणून हे दोनदा वाचा.

भोकांमधले पडदे सोनाराच्या करवतीने काढा आणि मग नीडल फाइलने, म्हणजे सुईसारख्या बारीक कानशीने, खाच सरळ करा. एक बाजू गुळगुळीत घासून घेतलेली पातळ चपटी कानस इथे फार कामाची, कोपऱ्यात एक बाजू कापताना ती दुसरी बाजू खात नाही. आणि नेहमी मागच्या तोंडाकडून कानस घाला. समोरचे तोंड शेवटपर्यंत मापापेक्षा बारीक राहिले पाहिजे. खाचेचा मागचा ४ मिमी भाग ०.२-०.३ मिमी मोकळा केला तरी चालतो, पकड समोरच्या २ मिमीचीच असते. तुमची खाच रुंद झाली ती समोरून कानस घातल्यामुळे, असा माझा अंदाज आहे. समोरून घातलेली कानस पहिल्या फटक्यातच नेमकी दिसणारी कड गोल करते.

बसवणी हे खरे फिटरचे काम आहे. आयटीआयला फिटर ट्रेड केलेल्यांनी मेल-फिमेल जॉब (एक तुकडा दुसऱ्यात तंतोतंत बसवणे) केलेला असतो, त्यांना हे हातवळणीचे असते. शेपटीवर प्रशियन ब्लूचा, म्हणजे टेकलेली जागा दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा, अगदी पातळ हात द्या. नसेल तर मेणबत्तीची काजळी धरा. गार्ड हाताने ढकला, अडला की काढा, आणि खाचेत जिथे निळा किंवा काळा डाग उमटला तेवढेच घासा. एका वेळी दोन-तीन फटके, पुन्हा डाग. घासायचे ते गार्डमध्ये, शेपटीवर नाही, कारण शेपटीवरचे एक माप पक्के राहिले तरच दुसरे त्याला जुळवता येते. दर वेळी ब्रशने बुरा झाडा. पितळाचा एक कण खांद्यावर राहिला तरी उजेड दिसतो आणि माणूस नको तिथे कानस मारत बसतो.

हाताने ढकलून खांद्यापासून ३ मिमीवर गार्ड थांबला की कानस ठेवा. पुढचे ठोकून बसवायचे. धारेला जाड टेप लावा, पाते टोक खाली करून व्हाइसमध्ये लाकडी जबड्यांत धरा. शेपटीवरून जाईल असा जीआय पाइपचा तुकडा घ्या, त्याचे तोंड सपाट घासा, खाली पितळाची किंवा कडक लाकडाची चकती ठेवा आणि हलक्या हातोडीने ठोका. आवाज ऐका: गार्ड सरकत असतो तेव्हा ठक्क असा बोथट आवाज येतो, खांद्यावर टेकला की आवाज एकदम कोरडा आणि उंच होतो. त्यानंतरचा एकही घाव फायद्याचा नाही, तो खाच ताणतो. ३ मिमी उरलेले असताना हलके ठोकूनही सरकत नसेल तर जोर वाढवू नका. काढा, डाग बघा, पुन्हा घासा. काढतानाही लाकडाच्या पट्टीने वर-खाली आळीपाळीने ठोका, एकाच टोकाला ठोकले तर खाच तिरकी फाकते.

समोरच्या तोंडाचे पॉलिश ठोकण्याआधी उरकून घ्या: ४००, ६००, १००० चा एमरी पेपर काचेवर ठेवून. एकदा बसल्यावर पाते आणि गार्डच्या कोपऱ्यात कुठलाच कागद नीट पोहोचत नाही. पात्याचा खांद्यालगतचा सपाट भागही तेव्हाच संपवा.

आता तुमच्याकडे जो गार्ड आहे त्याचे बघू. फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा संच) ०.०५ मिमीची पट्टी खाचेत घालून बघा, मग ०.१०, ०.१५. ०.१५ पर्यंत असेल तर पितळ सरकवता येते. गार्ड पात्यावरून काढून तापवा, मंद उजेडात काळपट लाल दिसेल इतपत, आणि थंड होऊ द्या. पाण्यात टाकले तरी पितळ मऊच राहते. मग सपाट पोलादी ठोकळ्यावर समोरचे तोंड वर ठेवून, खाचेच्या कडेपासून दीड-दोन मिमीवर, बोथट पंचने दोन्ही बाजूंनी ओळीने ठोके द्या. पितळ खाचेकडे सरकते. मग पुन्हा डाग लावून बसवणी करा आणि तोंड काचेवर घासून ठोक्यांच्या खुणा काढून टाका. यात गार्डची जाडी अर्धा मिमी कमी होते, ते धरून चाला. फट ०.१५ च्या पुढे असेल तर यात वेळ घालवू नका, नवा तुकडा कापा. आणि गार्ड समोरून बघताना पात्याशी पिळलेला दिसत असेल, तर फट कितीही असो, तो भंगारात. तिरकी खाच सरळ करायला गेले की ती रुंदच होते.

झाळण्याबद्दल. कथील आणि ३.५ टक्के चांदीचे सोल्डर २२१ अंशाला वितळते. तुमच्या पात्याचे पाणी २०० अंशाच्या आसपास उतरवलेले असेल तर गार्डजवळचा भाग आणखी मऊ पडणार. धार ओल्या फडक्यात ठेवून निभावता येते, पण फारसे साधत नाही. ६०/४० चे कथील-शिसे १८३ ते १९० अंशात वितळते, म्हणून सोयीचे वाटते, पण जी सुरी भाकरी-भाजीजवळ येणार तिला शिसे नको. फ्लक्स, म्हणजे झाळ धरावी म्हणून लावतात ते रसायन, हा आणखी एक त्रास: आम्लाचा अंश खाचेत राहिला तर महिन्याभरात आतून गंज. झाळायचेच असेल तर नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने चांगले धुवा आणि गरम करून वाळवा. चांदीच्या झाळीचा, म्हणजे ६०० अंशांच्या पुढच्या कामाचा, पाणी दिलेल्या पात्यावर विचारच करू नका.

अरल्डाइटचे काम वेगळे आहे. ते फट झाकायला नाही, पाणी अडवायला. गार्ड घट्ट बसला की तो काढा, शेपटी आणि खाच ॲसिटोनने पुसा, खांद्यांवर आणि खाचेत पातळ हात देऊन परत ठोका. समोर आलेले लगेच थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, उद्यावर ठेवलेत तर पात्यावर ओरखडे पडतील. पाच मिनिटांत घट्ट होणारे घेऊ नका, साधे हळू घट्ट होणारे घ्या आणि पूर्ण २४ तास द्या. पावसाळ्यात गार, ओल्या हवेत ते नीट आवळत नाही; बल्बखाली किंवा चुलीपासून थोड्या अंतरावर उबदार जागी ठेवा.

मूठ बसवण्याआधी फाउंड्रीवाल्यांची एक युक्ती करून बघा. गार्डच्या मागच्या बाजूला, शेपटीभोवती, खडूची ओली पूड फासून वाळू द्या. पुढच्या बाजूने सांध्यावर रॉकेलचे किंवा डिझेलचे दोन थेंब सोडा आणि दहा मिनिटे थांबा. पांढऱ्या खडूवर ओला डाग उमटला तर वाट उघडी आहे. डाग बरोबर कुठे उमटला त्यावरून कुठली कड राहिली तेही कळते. डाग नसेल तर थिनरने सगळे स्वच्छ पुसून मुठीकडे वळा.

मुठीचे लाकूड थोडक्यात. शिसम किंवा खैर, वर्षभर वाळलेले. ओल्या दिवसांत फिट केलेली मूठ मार्च-एप्रिलमध्ये आकसते आणि गार्डमागे नवी फट दिसते, म्हणून मध्ये १ मिमीची लाल किंवा काळी फायबर शीट घाला. गार्डच्या मागच्या तोंडात २ मिमीची दोन आंधळी (आरपार न जाणारी) भोके पाडून पितळी पिना मुठीत घातल्या तर मूठ फिरत नाही. सांबराच्या किंवा चितळाच्या शिंगाची मूठ करा असे कोणी सुचवले तर नाही म्हणा. जंगलात गळून पडलेले शिंग असले तरी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ते बाळगता येत नाही. म्हशीचे शिंग चालते.

तुमच्या जागी मी असे करीन: आधी खाचेच्या टोकांचा उतार तपासा आणि पुन्हा बसवून उजेड बघा. राहिला तर फाइल गाइड लावून खांदे मागे घ्या, आणि खांदे पक्के झाल्यावरच हा गार्ड ठेवायचा की नवा करायचा ते फीलर गेजने ठरवा. उलट क्रमाने गेलात तर नवा गार्डही जुन्या वाकड्या खांद्यांवरच बसेल. पावसाळ्यात सुरी चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडे ओल धरते. गार्डच्या कोपऱ्यात मेडिकलमध्ये मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब पुरतो.